लोणावळ्याचा आयतवार

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नॉर्वेच्या राजधानीत, ऑस्लो येथे, नोकरीला आहे. मागील नाताळात तो घरी आला तेव्हा तेथील पहिल्या रविवारची हकीकत त्याने सांगितली. सकाळी दूध आणायला तो बाहेर पडला, तो सारी मोठी दुकाने बंद! एखादा नेता वारला की काय, अशी शंका त्याला आली. थोड्या वेळाने पाहतो तो माणसे पाठीला पिशवी बांधून, मुलाबाळांसह भुयारी रेल्वेने शहराच्या कडेला असलेल्या अरण्याकडे निघालेली. पिशवीत भाकरतुकडा, संत्री आणि गरम कॉफी. चार-सहा तास चालायचे, एखाद्या ओंडक्यावर बसून खायचे आणि अंधार पडण्यापूर्वी परतायचे. बस्स, एवढाच त्यांचा रविवार.

“फादर, आपल्याकडे रविवारी दुकाने बंद ठेवली तर लोणावळा उपाशी मरेल,” तो हसत म्हणाला. ते वाक्य माझ्या मनातून जाईना. रविवार ज्या गावाचे पोट भरतो, त्या गावाला रविवार कधी लाभला काय?

आपल्या जुन्या मराठीत या दिवसाला आयतवार म्हणत. आदित्यवारापासून तो शब्द आला. वसईच्या आणि गोव्याच्या आपल्या बांधवांच्या ओठी तो ‘आयतार’ म्हणून अजून जिवंत आहे. रोमन लोकही त्याला सूर्याचाच दिवस म्हणत. इ. स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने या दिवशी न्यायालये व शहरांतील उद्योग बंद ठेवण्याचा कायदा केला. शेतकऱ्यांना मात्र त्याने मोकळीक दिली, कारण पेरणीचा दिवस हुकला तर पीक हुकते. मावळातल्या भातकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्याकडेही विसावा अगदीच अनोळखी नव्हता. कित्येक गावांत सोमवारी औत धरीत नसत. तो महादेवाचा वार आणि बैल हे त्याचे वाहन. शब्बाथाच्या आज्ञेत बैल, गाढव आणि घरचा चाकर यांनाही विसावा सांगितला आहे, हे आठवले म्हणजे त्या रीतीचे अगत्य वाटते.

लोणावळ्याचा उदय मात्र विसाव्यातून झाला नाही. तो घामातून झाला. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्येच धावू लागली होती. पण मधला घाट बाकी होता, तो ओलांडण्यासाठी उतारूंना पालखीचा आधार घ्यावा लागे. सुमारे पंधरा मैलांच्या त्या चढावर २५ बोगदे खोदायचे होते. १८६१ साली तेथे बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला, त्याची चौकशी झाली, आणि त्याच वर्षी कंत्राटदार फॅव्हेल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल येथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले. तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला.

पटकीने आणि अपघातांनी या कड्यांवर किती जीव घेतले, याचा विचार मी गाडी बोगद्यात शिरली की हटकून करतो. रोजंदारीच्या माणसाचा हात थांबला की चूल थांबते. त्यामुळे त्यांना खरी सुट्टी मिळे ती पावसाळ्यात. पाऊस काम अडवी आणि माणसे आपापल्या गावी परतत. ज्या पावसासाठी आज लाखो लोक सुट्टी काढून येथे येतात, तो पाऊसच त्या मजुरांची एकमेव सुट्टी होता, आणि तीही बिनपगारी.

रविवारची सुट्टी इंग्रजांनी, ते ख्रिस्ती असल्यामुळे, आपसूक देऊन टाकली असा एक समज आहे. आपल्या माणसांतही तो आढळतो. तो अर्धवट आहे. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत हे खरे. परंतु मुंबईच्या गिरण्या बंद नसत. वर्षाकाठी काही सणांची सुट्टी मिळे, आणि रविवारी पुष्कळदा यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना बोलावीत. ही सुट्टी मिळविली ती पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर या मूळ गावच्या कुळातील एका गृहस्थाने. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारला सादर केला. त्यात रविवारची सुट्टी ही प्रमुख मागणी होती. दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार याही होत्या. मालक हलले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. तेथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, याचे मला विशेष वाटते. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंडे यांनी रविवारच का मागितला? हा खंडोबाचा वार, असे त्यांचे प्रतिपादन होते; शिवाय आठवड्यातील एक दिवस समाजाच्या कामी यावा, अशी त्यांची धारणा होती. आपल्याला प्रिय असलेला प्रभूचा दिवस महाराष्ट्रातील श्रमिकांना मिळाला तो जेजुरीच्या देवाच्या नावे, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीला बळ दिले. त्याच वर्षी १५ मे रोजी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे विश्वपत्र काढले आणि कामगारांच्या रविवारच्या विसाव्याचा हक्क सांगितला. रोम आणि गिरणगाव यांनी एकमेकांना पत्र लिहिले नव्हते. तरी दोघांना एकाच वेळी तेच दिसले. लोखंडे पुढे प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले.

सुट्टी मिळाली, पण ती घेऊन घाटावर कोण येई? खंडाळा-लोणावळ्यात बंगले उभे राहिले ते मुंबईच्या धनिकांचे. येशूसंघीय धर्मगुरूंनीही येथे विश्रांतीसाठी घरे उभारली. त्या घरांच्या व्हरांड्यात अभ्यासाने शिणलेले डोळे मीही मिटले आहेत, म्हणून टीका करण्याचा मला फारसा अधिकार नाही. १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ धावू लागली, तेव्हा तिला पहिला व दुसरा हे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला जोडले गेले १९५५ साली.

आता २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने सर्वांनाच घाट जवळचा झाला आहे. रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेल्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यातील रविवारी पाय ठेवायला जागा नसते. कामगाराच्या मुलाला हा आनंद मिळतो, हे लोखंडे यांनी पाहिले असते तर त्यांना समाधान वाटले असते. परंतु ३० जून २०२४ रोजी, रविवारीच, भुशी परिसरातील ओढ्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ हाही रविवार. त्या दिवशी कुंडमळ्यात इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जण दगावले. भुशीच्या पाण्यात शोध घ्यायला दोर घेऊन उतरले ते येथील शिवदुर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते. त्यांचाही तो सुट्टीचाच दिवस होता.

आणि चिक्कीच्या दुकानात तराजू धरणारा, हॉटेलात चादरी बदलणारी? १९४८ च्या कायद्यात दुकानाने आठवड्यातून एक दिवस बंद राहावे असा दंडक होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्याने दुकानांना सातही दिवस उघडण्याची मुभा दिली. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग चोवीस तासांची सुट्टी हवी असे बजावले. पण २०१७ मध्ये हा कायदा आला तेव्हा तो मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. रस्त्याकाठच्या छोट्या दुकानातील पोऱ्याला तो कितपत पोहोचतो, हे वाचकांनी पुढच्या खेपेस चिक्की घेताना त्यालाच विचारावे. नॉर्वेतही दुकाने रविवारी उघडण्याचा घाट सरकारने घातला होता. चर्च व कामगार संघटना दोघांनीही विरोध केला आणि २०१५ मध्ये तो बेत बारगळला. लोणावळ्याला तो मार्ग परवडणार नाही, हे मी जाणतो. येथे रविवार बंद करून चालणार नाही. तो वाटून घ्यावा लागेल.

आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी एका हॉटेलात कपडे धुण्याच्या खात्यात आहेत. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेलाही त्यांना सवड होत नाही. पूर्वी मी त्यांच्या गैरहजेरीबद्दल कुरकुर करीत असे. आता त्यांची सुट्टी सोमवारी असते. त्या दिवशी सकाळी सातला त्या दोन्ही मुलांना घेऊन येतात. मुलांची शाळा साडेआठची. मिस्सा आटोपली की चर्चच्या पायरीवर बसून तिघे डबा उघडतात आणि शाळेची वेळ होईपर्यंत सावकाश खातात.