चंचल मुलाचा इतिहास

गेल्या माघ महिन्यात एका जुन्या स्नेह्यांसमवेत आम्ही पालीस बल्लाळेश्वराच्या दर्शनास गेलो होतो. बरोबर त्यांचे चिरंजीव, सूनबाई व नऊ वर्षांचा नातू अशी मंडळी होती. आधी धुंडीविनायक आणि मग बल्लाळेश्वर, हा तेथील दर्शनाचा क्रम. रांगेत मोठी माणसे मुकाट्याने पुढे सरकत होती. नातवास मात्र ते साधेना. तो सरसगडाकडे बोट करून काही विचारी, आणि उत्तर येण्यापूर्वीच दुसरीकडे धाव घेई. शेवटी वडिलांनी त्याचे मनगट घट्ट धरले, ते दर्शन होईपर्यंत सोडले नाही.

दर्शनानंतर आम्ही ओटीवर टेकलो असता सूनबाईंनी पिशवीतून दोन कागद काढले. एक शाळेची चिठ्ठी : मुलाचे वर्गात लक्ष नसते, तपासून घ्यावे. दुसरा डॉक्टरांचा : अवधानदोष व अतिचंचलता हे निदान, आणि रोज सकाळी घ्यावयाच्या गोळीचे नाव. आजोबा उसळून म्हणाले, "आमच्या वेळी असली दुखणी नव्हती. दोन छड्या बसल्या की पोर जागच्या जागी!" सूनबाई त्यांस काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, "काका, तुम्ही इतिहास शिकवता. हे खरेच दुखणे आहे, की हल्लीच कोणी काढलेले खूळ?"

त्या वेळी आम्हांस धड उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर जे वाचले व ज्याचा विचार केला, ते येथे मांडीत आहो. कारण हा प्रश्न आज पुष्कळ सुशिक्षित घरांत विचारला जात आहे.

प्रथम आजोबांचे म्हणणे घेऊ. त्यांच्या बालपणी हे नाव नव्हते, हे खरे. परंतु नाव नव्हते म्हणून तसली मुलेही नव्हती, असे सिद्ध होत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाच्या चंचलपणाची तक्रार केली आहे. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी अवधान मागितले आहे. मन ठिकाणावर नसणे ही मनुष्यमात्राची अडचण आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. मात्र मुलाच्या बाबतीत हा विचार शाळेच्या उंबरठ्याबाहेरच राहिला. पंतोजींच्या शाळेत कान पिळणे, ओणवे उभे करणे, छडी मारणे हेच अवधान आणण्याचे उपाय होते. तरीही त्या शाळेची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे आजच्यासारखे वर्ग नव्हते. कोणी धुळपाटीवर अक्षर गिरवी, कोणी परवचा म्हणे, मोठा मुलगा लहानास सांगे. प्रत्येकाची गती वेगळी असली तरी शाळा अडत नसे. पुढे इंग्रजी अमदानीत वर्ग, घंटा, इयत्ता, वार्षिक परीक्षा आणि तपासनीस आले. एकाच वयाच्या पन्नास मुलांनी एकाच वेळी एकाच फळ्याकडे पाहावे, ही अपेक्षा निर्माण झाली. चंचल मूल तेच होते. ते आता अधिक ठळकपणे डोळ्यांत भरू लागले.

युरोपातही असेच झाले. जर्मन वैद्य मेल्खिओर आडाम वायकार्ड याने १७७५ साली अवधानाच्या अभावावर लिहिले आणि थंड पाण्याचे स्नान, व्यायाम व घोड्यावरची रपेट असे उपाय सांगितले. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन याने १७९८ साली अवधानाच्या रोगांवर एक प्रकरणच लिहिले. ही अस्थिरता काही मुलांत जन्मतःच असते, तिने शिक्षणात अडथळा येतो, आणि वयाबरोबर ती बहुधा कमी होते, असे त्याचे निरीक्षण होते. त्या काळी ना औषधांच्या कंपन्या होत्या, ना हल्लीच्या शाळा. तेव्हा हा दोष काल-परवा कोणी बाजारासाठी घडविला, हे म्हणणे टिकत नाही.

परंतु पुढच्या शतकात दृष्टी बदलली. फ्रँकफुर्टचा डॉक्टर हाइनरिख होफमान याने १८४४ च्या नाताळासाठी आपल्या तीन वर्षांच्या मुलाकरिता चित्रांची एक वही तयार केली. दुसऱ्या वर्षी ती छापली गेली व युरोपभर गाजली. पुढील आवृत्त्यांत तीत फिलिप नावाचा एक मुलगा आला. जेवताना खुर्ची मागेपुढे झुलवीत तो अखेर मेजावरच्या कापडासह खाली कोसळतो, आणि आईबापांपुढचे जेवण जमिनीवर जाते. आजचे डॉक्टर ह्या फिलिपचा उल्लेख रोगी म्हणून करतात. होफमानच्या वाचकांस मात्र तो व्रात्य मुलांचा मासला वाटला होता. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी दिलेली व्याख्याने ह्या विषयाचा आरंभ मानली जातात. बुद्धी शाबूत असूनही स्वतःस आवरू न शकणारी मुले त्यांनी वर्णिली. त्यांत मुलींपेक्षा मुलगे पुष्कळ अधिक होते. पण दोषास त्यांनी दिलेले नाव पाहा : नैतिक नियंत्रणाचा दोष. म्हणजे डॉक्टर आले, तरी न्यायाधीश खोलीतून गेला नव्हता.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मेंदूच्या एका ज्वराची साथ जगभर पसरली. तिच्यातून वाचलेली काही मुले पूर्वी शांत असून नंतर विलक्षण अस्थिर झाली. ह्यावरून चंचलपणाचे मूळ मेंदूत असू शकते, ह्या मतास बळ आले. नंतर मात्र ह्याच विचाराचा अतिरेक झाला, आणि ज्या मुलांच्या मेंदूस काहीही इजा दिसत नव्हती त्यांनाही मेंदूस किंचित इजा झाल्याचा शिक्का बसू लागला.

औषधाचा शोध योगायोगाने लागला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड संस्थानात एका श्रीमंत कुटुंबाने, मेंदूच्या ज्वराने अपंग झालेल्या आपल्या एकुलत्या एक मुलीच्या स्मरणार्थ, मुलांचे रुग्णालय काढले होते. तेथील डॉ. चार्ल्स ब्रॅडली मेंदूची छायाचित्रे घेण्यासाठी मुलांच्या पाठीच्या कण्यातील द्रव काढीत, आणि त्याने मुलांची डोकी भयंकर दुखत. त्यावर उतार म्हणून त्यांनी बेंझेड्रिन दिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही. परंतु काही मुले एकाएकी अभ्यासास लागली. १९३७ साली ब्रॅडली यांनी ३० मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात आश्चर्यकारक सुधारणा झाली होती. मुलेच त्या गोळीला गणिताची गोळी म्हणू लागली. पुढे स्वित्झर्लंडातील सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन याने १९४४ साली मेथिलफेनिडेट हे द्रव्य तयार केले. त्याची पत्नी मार्गारिटा हिच्या लाडक्या नावावरून त्याचे 'रिटालिन' असे नामकरण झाले, आणि १९५४ पासून ते बाजारात आले.

येथून खरा वाद सुरू होतो. उत्तेजक द्रव्याने चंचल मूल शांत होते, ह्या उलट्या परिणामावरूनच त्यास रोग आहे असे पुष्कळ दिवस मानले जाई. अमेरिकेतील डॉ. ज्यूडिथ रॅपोपोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली निरोगी मुलांस तसले द्रव्य देऊन पाहिले, तो त्यांचेही अवधान वाढले आणि हालचाल कमी झाली. अर्थात् गोळी लागू पडली म्हणून रोग सिद्ध झाला, हा तर्क कोसळला. दुसऱ्या बाजूचा अतिरेकही तसाच. १९७० साली ओमाहा शहरातील शाळकरी मुलांपैकी शेकडा ५ ते १० मुलांस अशी औषधे दिली जातात, असे वॉशिंग्टनच्या एका वृत्तपत्राने छापले. देशभर खळबळ उडाली, कायदेमंडळात चौकशी झाली. आकडा फुगलेला होता असे पुढे दिसून आले. परंतु मुलांस औषधाने बांधून ठेवण्याची भीती लोकांच्या मनातून गेली नाही.

ह्या काळात नावेही बदलत गेली. अमेरिकन मनोवैद्यांच्या ग्रंथात १९६८ साली ती अतिचलनाची प्रतिक्रिया होती, १९८० साली अवधानाची न्यूनता झाली, आणि १९८७ साली दोन्ही शब्द एकत्र आले. नाव बदलते म्हणून वस्तूच नाही, असे म्हणणे घाईचे होईल. क्षयासही पूर्वी अनेक नावे होती. तथापि क्षयाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, आणि ह्या दोषासाठी मात्र आजही रक्ताची वा मेंदूच्या छायाचित्राची निर्णायक परीक्षा नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दिसते. तरीही निदान करावयाचे ते मुलाकडे पाहून आणि आईबापांस व शिक्षकांस विचारूनच.

आणि पाहणाऱ्याची चूक होऊ शकते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेथे ३१ डिसेंबर ही शाळाप्रवेशाची सीमा आहे. म्हणून डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान, व जानेवारीत जन्मलेले सर्वांत मोठे. डिसेंबरातील मुलग्यांत हे निदान जानेवारीतील मुलग्यांहून शेकडा ३० ने, आणि मुलींत शेकडा ७० ने अधिक आढळले. मेंदूच्या घडणीस जन्माचा महिना ठाऊक नसतो, तो शाळेच्या पटास ठाऊक असतो. काही मुलांच्या बाबतीत केवळ कोवळेपणास रोग म्हटले गेले, असाच ह्याचा अर्थ.

मग औषध द्यावे की नाही? ह्यावर अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने मोठा प्रयोग झाला व १९९९ साली त्याचे निष्कर्ष आले. काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने चंचलता व अनवधान ही केवळ वर्तनशिक्षणापेक्षा अधिक कमी झाली. परंतु तीन वर्षांनी त्याच मुलांस पुन्हा पाहिले, तेव्हा गटांतील हा भेद उरला नव्हता, आणि औषध घेत राहिलेल्या मुलांची उंची अपेक्षेहून सुमारे २ सेंटीमीटर कमी भरली. औषध खोटे नाही आणि ते अमृतही नाही, एवढेच ह्यावरून ठरते. ज्या मुलाचे घरात, शाळेत व सवंगड्यांत सर्वत्रच अडते, ज्यास धावत्या गाडीपुढूनही स्वतःस आवरता येत नाही, त्यास ते मोठा आधार होते. जे मूल केवळ एका कंटाळवाण्या तासास अस्वस्थ होते, त्यास देण्याची ती वस्तू नव्हे. दोन किंवा अधिक ठिकाणी लक्षणे दिसावीत व ती सहा महिने टिकलेली असावीत, असा निदानाचा नियमच आहे. शाळेची एकटी चिठ्ठी पुरेशी नाही.

आपल्याकडे मेथिलफेनिडेट हे १९८५ च्या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या कक्षेत येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. अध्ययनात अडचण असणाऱ्या मुलांस परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्र सरकारने १९९६ पासून आरंभ केला. २००७ च्या 'तारे जमीन पर' ह्या चित्रपटाने असल्या मुलाची व्यथा घरोघर पोचविली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी केली. तेव्हा आजोबांच्या दोन छड्या आज कायद्यानेही बाद आहेत. मात्र २०१६ च्या दिव्यांगांविषयीच्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत, त्यांत अध्ययनअक्षमता आहे, अवधानदोष स्वतंत्र नावाने नाही. छडी गेली, गोळी आली. परंतु वर्गात ह्या मुलासाठी निराळी सोय करण्याचे बंधन अद्याप अस्पष्टच आहे.

अशी सोय करणारी माणसे आपल्यातही झाली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस काम सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांस दोष दिला नाही. मुले जेथे होती त्या कुरणातच शाळा नेली. त्या मुलांस अवधानाचा रोग होता, असे आमचे म्हणणे नाही. मूल आणि शाळा जुळत नसता बदलावयाचे कोणी, हा प्रश्न त्यांनी उलटा विचारून पाहिला, हे महत्त्वाचे.

ह्यात आमचाही एक दोष कबूल करणे प्राप्त आहे. फार वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक विद्यार्थी सारखा बोटांनी बाक वाजवी आणि अर्ध्या तासात उठून जाई. एकदा सर्वांसमक्ष त्यास बेशिस्त म्हणून आम्ही बाहेर घालविले. त्या वर्षी तो परीक्षेस बसला नाही. त्यास काय होत होते हे आम्ही कधी विचारलेच नाही.

गणेशपुराणातील पालीची कथा सर्वांस माहीत आहे. कल्याण शेठजींचा मुलगा बल्लाळ सवंगड्यांसह रानात जाई, एक धोंडा गणपती म्हणून पुजी, आणि घरची, जेवणाची शुद्ध विसरे. गावातील आईबापांनी तक्रार केली. कल्याण संतापून काठीसह रानात गेला, पूजा मोडली, मुलास बडविले आणि झाडास बांधून निघून आला. बल्लाळास काही विकार होता, असा अर्थ ह्या कथेतून काढणे हास्यास्पद होईल. त्याचे अवधान तर कमी नव्हते, ते दुसरीकडे होते. आमचे लक्ष पित्याकडे जाते. शेजाऱ्यांचे त्याने ऐकले, काठी उचलली, दोरही आणला; रानात मूल काय करीत आहे, हे मात्र घटकाभर थांबून पाहिले नाही.

सूनबाईंस आम्ही पत्र लिहिले आहे. त्यात एवढेच कळविले, की दुखणे खोटे नाही, आणि प्रत्येक चंचल मूल दुखणाईतही नाही. दुसऱ्या एका बालमनोवैद्यांस दाखवावे. मुलाचा जन्ममहिना, झोप, दृष्टी व श्रवण ही पाहावयास सांगावी. घरी आणि मैदानावर तो कसा असतो ते महिनाभर टिपून ठेवावे. त्यानंतरही डॉक्टरांनी गोळी सांगितली, तर ती लाज न बाळगता द्यावी, आणि ठरल्या वेळी तिची गरज पुन्हा तपासावी. आजोबांस निराळे पत्र लिहिले आहे. त्यांनी रोज संध्याकाळी नातवास घेऊन तासभर बाहेर पडावे, आणि तो सरसगडाविषयी काय विचारीत होता ते एकदा पुरते ऐकून घ्यावे, अशी त्यांस विनंती केली आहे.