आकाशातले बिऱ्हाड आणि त्याची वाहने

पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर एक बिऱ्हाड फिरते आहे. वजन ४०० टनांहून अधिक. त्यास आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक म्हणतात. एवढे घर एका अग्निबाणाने वर नेणे शक्यच नव्हते; खोली खोली करून नेले आणि वरच जोडले. पहिला भाग ‘झार्या’ २० नोव्हेंबर १९९८ रोजी रशियाच्या प्रोटॉन अग्निबाणाने बैकोनूरहून गेला. दोनच आठवड्यांनी अमेरिकेच्या ‘एन्डेव्हर’ शटलने ‘युनिटी’ हा दुसरा भाग नेऊन त्यास जोडला.

शटल म्हणजे पंखांचे, पुन्हा पुन्हा वापरावयाचे यान. माणसे व अवजड सामान एकाच खेपेस नेणारे. रशियाचे सोयूझ तिघांपुरते, आणि ‘प्रोग्रेस’ नुसते मालवाहू. शटलपुढे ही दोन्ही किरकोळच वाटावीत. परंतु प्रसंग पडला तेव्हा घर त्यांनीच सावरले.

१ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ शटल परतीच्या वाटेवर मोडून पडले. कर्नालच्या कल्पना चावला ह्यांच्यासह सातही जण गेले. ते यान स्थानकाकडे गेलेले नव्हते. तरी सर्वच शटले जवळजवळ अडीच वर्षे जमिनीवर राहिली. स्थानकात तेव्हा तिघे होते आणि त्यांना शटलनेच परतावयाचे होते. दुसऱ्याच दिवशी बैकोनूरहून ठरलेले प्रोग्रेस सुटले. दुःखाच्या घरीही लेकरांना जेवू घालावेच लागते, तसेच हे. ते तिघे मे महिन्यात सोयूझने उतरले, तेही ठरल्या जागेपासून चारशेहून अधिक किलोमीटर दूर, कझाकस्तानच्या माळावर! पुढे वर तिघांऐवजी दोघेच राहू लागले, कारण शटलवाचून पाणी व अन्न बेतानेच पोहोचे. बांधकाम अडले, पण घराला कुलूप लागले नाही.

नंतर युरोपचा एरियन आला, जपानचा एच-२बी आला. २०११ मध्ये शटले निवृत्त झाली आणि खाजगी कंपन्यांची याने माल नेऊ लागली. इतकी निराळी वाहने बाळगणे ही उधळपट्टी, असे कोणी म्हणेल, आणि खर्च दांडगा आहे हे खरेच. पण ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ ह्या आठ महिन्यांत काय झाले पाहा. अमेरिकेचा अँटारिस उडताच कोसळला, एक प्रोग्रेस भरकटले, फाल्कन-९ वाटेतच फुटला. तीन जातींच्या तीन खेपा बुडाल्या! तरी जुलैत दुसरे प्रोग्रेस आणि ऑगस्टमध्ये जपानी यान पोहोचले, आणि शिधा पुरला.

जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स व त्यांचे सहकारी बुच विल्मोर नव्या स्टारलायनर यानातून आठवडाभरासाठी वर गेले. यानात बिघाड दिसला, म्हणून ते रिकामेच परत आणले. सुनीताबाई १८ मार्च २०२५ रोजी ड्रॅगन नावाच्या दुसऱ्याच यानातून फ्लोरिडाजवळच्या समुद्रात सुखरूप उतरल्या.