ऋषीची भाजी आणि बेंगळूरची परसबाग

भाद्रपद शुद्ध पंचमीस, गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, मराठी घरांत जी भाजी शिजते तिला एक विलक्षण अट आहे. बैलाच्या श्रमाने पिकलेले काहीही तीत असू नये. नांगरटीच्या शेतातले वर्ज्य. परसात माणसाने स्वहस्ते खणून, पेरून वाढविलेले तेवढे ग्राह्य. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळे, भोपळा, सुरण, मक्याचे कणीस असे जे हाती लागेल ते एकत्र करावे, आंबटासाठी चिंच वा आमसूल घालावे आणि मसाल्याविना शिजवावे. शास्त्रकारांच्या मनात कोणता हेतू होता याची चर्चा पंडितांनी करावी. आम्हांस एवढेच दिसते की, या एका नियमाने पिढ्यान्पिढ्या मराठी घरामागे चार वाफ्यांची जमीन राखून ठेवली.

हा नियम घेऊन मराठी माणूस बेंगळुरास आला, त्याला काळही थोडाथोडका लोटलेला नाही. 1638 साली विजापूरकरांनी केंपेगौडांकडून हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे 1687 मध्ये मोगलांनी ते जिंकले व तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना दिले. राज्य गेले, तरी मराठी कुटुंबे या प्रदेशातून नाहीशी झाली नाहीत. मात्र आज आपल्या स्मरणात असलेली मराठी वस्ती बव्हंशी विसाव्या शतकातली. हिंदुस्थान एअरक्राफ्ट 1940 साली, टेलिफोनचा कारखाना 1948 साली, मशीन टूल्स 1953 साली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स 1954 साली निघाले, तशी महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त माणसे येत गेली. कारखान्यांच्या वसाहतींत लहानशी घरे आणि पुढेमागे मोकळी जागा असे. तेथे आमची परसबाग रुजली.

पण आकाश निराळे होते. कोकणात आणि देशावर आषाढ-श्रावणात पावसाचा भर असतो. सह्याद्रीच्या आडोशास, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेल्या बेंगळुरात आषाढ नुसता भुरभुरतो आणि खरा पाऊस भाद्रपद-आश्विनात पडतो. सप्टेंबर हा येथला सर्वाधिक पावसाचा महिना, दोनशे मिलिमीटरच्या आसपास. गावी ऋषिपंचमी म्हणजे पावसाळी भाज्यांचा बहर. येथे तीच वेळ दुसऱ्या पेरणीची. मेथी, मुळा, कोथिंबीर यांचे वाफे हस्ताच्या सरींआधी तयार करायचे आणि तांबड्या मातीत शेणखत भरपूर मिसळायचे, हे येथेच शिकावे लागले. पावट्याची गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. कन्नडात त्याला अवरेकाई म्हणतात. पावसाळ्यात पेरलेला हा वेल दिवस लहान होऊ लागल्यावाचून फुलत नाही. शेंगा येतात त्या थंडीत. भाद्रपदात नुसती पाने पाहून वेल उपटणाऱ्या नवख्यांना शेजाऱ्यांनी वेळीच थांबवावे, हे बरे.

शिकविणारे शहर मात्र थोर होते. हैदरअलीने 1760 साली लालबाग वसविली. तिच्या आसपासच्या तिगळ समाजाचे बागाईतीतले कौशल्य आजही वाखाणले जाते. 1809 मध्ये इंग्रजांची छावणी पडली आणि गोऱ्यांच्या जेवणासाठी कोबी, गाजर, बटाटा यांची मागणी वाढली. 1874 पासून लालबागेचा कारभार पाहणाऱ्या जॉन कॅमेरून यांच्या नावाशी चौचौची आयात जोडली जाते. कन्नडात तिला ‘सीमे बदनेकाई’, म्हणजे विलायती वांगे, म्हणतात. आमच्या गृहिणींनी तिला दुधीच्या पंक्तीस बसवून मूगडाळीत शिजविले, आणि तिचा विलायतीपणा संपला! 1959 साली डॉ. मरीगौडा यांच्या पुढाकाराने द्राक्षबागाईतदारांची सहकारी संस्था निघाली. तीच पुढे ‘हॉपकॉम्स’ झाली. तिच्या दुकानांतून ताजी भाजी रास्त दरात मिळू लागली, तरी वसाहतींतले वाफे ओस पडले नाहीत. पगार बेताचे होते आणि 1965 सालच्या युद्धाच्या व टंचाईच्या दिवसांत तर पंतप्रधान शास्त्रीजींनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले होते.

त्या काळातील स्वयंपाकास काटकसर म्हणणे अपुरे आहे. ती कोंड्याचा मांडा करण्याची विद्या होती. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ वाढे. अळूच्या पानांचे फदफदे, तर देठांची दह्यातली देठी. शिराळ्याच्या शिरा व दुधीच्या साली तिळाबरोबर परतून चटणी. पडवळाच्या टोकास दगड बांधून त्याला सरळ वाढवायचे आणि आतल्या बियाही फुकट घालवायच्या नाहीत. काकडी जून झाली तर तवसोळी. पुरणाच्या डाळीचे पाणी ओतून न देता कटाची आमटी करण्याची रीत तर सर्वांना ठाऊक आहे.

येथेच शेजारघरचे ‘बस्सारु’ आम्हांस ओळखीचे वाटले. पालेभाजी आणि कडधान्य भरपूर पाण्यात शिजवायचे, पाणी निथळून घ्यायचे. वरच्या गाळाला खोबऱ्याची फोडणी दिली की ‘पल्य’ झाले आणि निथळलेल्या पाण्यात वाटण घालून उकळले की सार. एकाच भांड्यातून दोन पदार्थ! कट आणि बस्सारु यांची भाषा निराळी, बुद्धी एकच. कन्नड घरांत गौरी चतुर्थीच्या आदल्या दिवशी येते आणि आपल्या ज्येष्ठा गौरी नंतर येतात. या मधल्या दिवसांत कुंपणावरून माठाच्या जुड्या व नारळ यांची देवाणघेवाण चाले. कन्नडातला ‘दंटु’ म्हणजे आपलाच माठ, हे कळण्यास व्याकरण लागले नाही.

आता अनेक बैठ्या घरांच्या जागी इमारती उभ्या आहेत. ऋषीच्या भाजीचे मिश्रण बाजारात एकत्र बांधून मिळते. ते ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातून येते, म्हणजे बैलाचे श्रम त्यात नाहीत, असा युक्तिवाद कोणी करतो. आम्हांस तो पटत नाही. अट बैलाची असली, तरी रोख स्वतःच्या हातांकडे होता. सुदैवाने या शहराने गच्चीवरही बाग केली आहे. 2011 पासून ‘ऊट फ्रॉम युवर तोट’ नावाचे मेळे भरू लागले, आणि गच्चीत भाजी पिकविणारे तेथे बियाणे व खत घेऊन जमले. आपल्यापैकी काहींनी सज्जातल्या कुंड्यांत माठ लावला आहे. तो महिन्याभरात काढणीस येतो, म्हणून ऋषिपंचमीसाठी नागपंचमीच्या सुमारास पेरणी करावी. नागपंचमीस माती खणत नाहीत; तेव्हा कुंडी आदल्या दिवशीच भरून ठेवावी.