जल-मृदुकारक यंत्रे व पाण्याची विवर्णता

कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे विरघळलेल्या ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होत नाही, त्यास दुष्फेन किंवा बोलीत ‘जड’ पाणी म्हणतात. ही लवणे काढून टाकण्याच्या क्रियेस मृदुकरण व त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनास मृदुकारक म्हणतात. घरगुती मृदुकारक जुना झाल्यावर त्यातून पिवळसर, तांबूस वा काळपट पाणी येऊ लागते. हा दोष आजच्या यंत्रांपुरता नाही. मृदुकरणाच्या इतिहासात प्रत्येक नव्या पदार्थाबरोबर पाणी रंगविण्याचा एखादा नवा प्रकारही आलेला आहे.

लासलगाव परिसर : नासिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असून तेथील कृषि उत्पन्न बाजार समितीची स्थापना 1947 मध्ये झाली. हा सर्व प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या मृत्तिकेचा पट्टा आढळतो. बेसाल्टमधील फेल्डस्पार, पायरोक्सीन इ. खनिजांचे अपक्षयन होऊन कॅल्शियम व मॅग्नेशियम भूजलात उतरतात. त्यामुळे विहिरी व कूपनलिका यांचे पाणी बहुधा जड असते. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही व तांब्याच्या बंबात पांढरा थर धरतो, ही गृहिणींची जुनी तक्रार आहे. डाळीत चिमूटभर पापडखार वा सोडा टाकण्याची रीत हे एक प्रकारचे घरगुती मृदुकरणच होय. रिठा व शिकेकाई यांतील सॅपोनिनांचा कॅल्शियमाबरोबर साबणासारखा साका होत नाही. म्हणून जड पाण्याच्या मुलखात साबण येण्यापूर्वी व नंतरही त्यांचा वापर टिकून राहिला. गढूळ पाण्यासाठी निवळीचे बी व तुरटी वापरीत. या दोहोंनी तरंगणारी माती खाली बसते, परंतु विरघळलेला चुना जात नाही. हा भेद लोकव्यवहारात नेहमीच स्पष्ट राहिला असे मात्र दिसत नाही.

इतिहास : मृदुकरणाची पहिली मोठ्या प्रमाणावरील पद्धत स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांनी 1841 मध्ये पेटंट केली. पाण्यात चुन्याची निवळी मिसळून बायकार्बोनेटे अविद्राव्य कार्बोनेटांच्या रूपाने खाली बसविणे हे तिचे तत्त्व होते. साबणाच्या द्रावाने दुष्फेनता मोजण्याची रीतही त्यांचीच. परंतु या पद्धतीस मोठ्या टाक्या लागत व गाळाची विल्हेवाट लावावी लागे. घरात ती शक्य नव्हती.

दुसरा मार्ग शेतीच्या अभ्यासातून निघाला. इंग्लंडमधील जमीनदार एच. एस. टॉम्पसन यांना मातीच्या स्तंभातून अमोनियम सल्फेटाचा विद्राव जाऊ दिल्यास खालून कॅल्शियम सल्फेट बाहेर पडते, असे आढळले. जे. टॉमस वे यांनी 1850 ते 1852 या काळात या आविष्काराचा पद्धतशीर अभ्यास केला. 1858 मध्ये आइखहोर्न या जर्मन शास्त्रज्ञांनी झिओलाइट खनिजांत ही अदलाबदल उलटसुलट करता येते, असे दाखविले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रोबेर्ट गान्स यांनी बर्लिन येथे कृत्रिम झिओलाइट तयार करून त्याचा पाण्यासाठी उपयोग केला. हा पदार्थ ‘परम्युटिट’ या नावाने प्रसिद्ध झाला. पाण्यातील कॅल्शियम तो घेतो व बदल्यात सोडियम देतो; त्याची शक्ती संपली की त्यातून मिठाचे पाणी सोडून तो पुन्हा कार्यक्षम करता येतो. आजच्या प्रत्येक घरगुती मृदुकारकाचे तत्त्व हेच आहे.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. झिओलाइट हे नाव स्वीडिश खनिजवैज्ञानिक क्रूनस्टेट यांनी 1756 मध्ये दिले. या खनिजांचे जगातील अत्यंत सुंदर नमुने दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्यांत मिळतात. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात लोहमार्गासाठी खडक फोडला जात असताना निघालेले नमुने यूरोपातील संग्रहालयांत पोहोचले. नासिकजवळील पांडवलेणी टेकडीच्या परिसरातील खाणीही स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट इत्यादींसाठी ख्यातनाम आहेत. म्हणजे लासलगावच्या विहिरीतील जड पाणी व ते मऊ करण्याचे मूळ तत्त्व ज्या खनिजांत सापडले ती खनिजे, दोन्ही एकाच प्रकारच्या खडकातली आहेत. व्यवहारात मात्र मृदुकारकांसाठी येथील झिओलाइटे उपयोगात आली नाहीत. आरंभी ग्लॉकोनाइटयुक्त हिरवी वाळू व कृत्रिम सिलिकेटे वापरली गेली.

या सिलिकेटांचा दोष असा की, अम्लधर्मी पाण्यात त्यांचे कण झिजत. 1930 नंतरच्या दशकात सल्फ्यूरिक अम्लाची प्रक्रिया केलेला कोळसा प्रचारात आला. तो अम्लास टिकत असे, पण त्यातून पाण्यात तपकिरी छटा उतरे. 1935 मध्ये ॲडम्स व होम्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी फिनॉल-फॉर्माल्डिहाइडापासून आयन-विनिमयी रेझिने बनविली. तीही पाणी रंगवीत. 1940 नंतरच्या दशकात दालेलिओ यांनी स्टायरीन व डायव्हिनिल बेंझीन यांच्या सहबहुवारिकापासून रेझीन तयार केले. हे मणी टणक, साधारणतः 0.3 ते 1.2 मिमी. व्यासाचे व बहुधा मधासारख्या रंगाचे असतात. त्यांनी पूर्वीचे पदार्थ जवळजवळ मागे सारले. भारतात या क्षेत्रातील ‘आयन एक्स्चेंज (इंडिया)’ ही कंपनी 1964 मध्ये मुंबई येथे स्थापन झाली. प्रारंभी ही साधने मुख्यतः बाष्पित्रे व कापडगिरण्या यांसाठी होती. घराघरांत ती पुष्कळ उशिरा, कूपनलिकांच्या प्रसारामागून आली.

विवर्णतेची कारणे : सर्वांत नेहमीचे कारण लोह हे होय. भूजलात ते विरघळलेल्या फेरस स्वरूपात व रंगहीन असते. रेझीन त्याला कॅल्शियमाप्रमाणेच धरून ठेवते. परंतु हवा वा क्लोरीन यांच्या संपर्काने त्याचे फेरिक हायड्रॉक्साइड झाले म्हणजे मण्यांवर तांबडे पुट चढते. हे पुट मिठाच्या पाण्याने निघत नाही. वर्षानुवर्षे साचलेला हा थर एखाद्या दिवशी जोराच्या प्रवाहाने सुटतो व नळाला एकाएकी गंजाचे पाणी येते. मँगॅनीज असल्यास रंग काळपट असतो.

दुसरे कारण रेझिनाचे वार्धक्य. नळाच्या पाण्यातील क्लोरिनामुळे बहुवारिकातील आडवे बंध तुटतात, मणी पाणी शोषून फुगतात व मऊ पडतात. लोहाच्या सान्निध्यात ही क्रिया जलद होते. अशा रेझिनातून गाळ नसलेली पिवळसर छटा पाण्यात उतरते आणि प्रवाहाचा दाबही घटतो. साधारणतः 10 ते 15 वर्षांनी रेझीन बदलण्याची वेळ येते. क्लोरीन व लोह अधिक असल्यास त्याआधीच. तिसरे कारण मिठाच्या टाकीतील गाळ. स्वस्त म्हणून मिठागरावरील खडेमीठ वापरल्यास त्यातील माती टाकीच्या तळाशी साठते व पुनरुज्जीवनानंतरच्या पहिल्या पाण्यात उतरते.

पुष्कळदा दोष मृदुकारकाचा नसतोच. ग्रामीण भागातील हातपंपांचा अनुभव या बाबतीत उद्‌बोधक आहे. जालना व सोलापूर येथे मिशनच्या कार्यशाळांत तयार झालेल्या पंपांच्या आधारे 1970 नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क-2’ हा पंप सिद्ध झाला व तो देशभर पसरला. पुढे अनेक ठिकाणी त्यांतून तांबडे पाणी येऊ लागले तेव्हा भूजलात लोह आहे असे प्रथम समजले गेले. तपासाअंती पुष्कळ पंपांत ते जस्तलेपित लोखंडी नळ्यांच्या गंजण्यातून येत असल्याचे दिसले. घरातील जुन्या नळांबाबतही असेच घडते, आणि चांगले यंत्र विनाकारण मोडीत निघते.

निदान : पांढऱ्या भांड्यांत तीन ठिकाणचे पाणी घ्यावे : यंत्रात शिरण्यापूर्वीचे, यंत्रातून निघालेले व दूरच्या नळाचे. पहिलेच रंगीत असल्यास उगम तपासावा. पावसाळ्यात विहिरीत उतरलेली माती काही तासांत तळाशी बसते. पाणी भरताना स्वच्छ असून उघडे ठेवल्यावर तांबूस झाले, तर विरघळलेले लोह आहे असे समजावे. पहिले दोन्ही स्वच्छ व तिसरे रंगीत असल्यास, विशेषतः सकाळच्या पहिल्या धारेतच रंग दिसत असल्यास, दोष नळांत असतो. केवळ गरम पाणी रंगीत असेल तर तापक पाहावा. फक्त दुसरे पाणी रंगीत असेल तेव्हाच यंत्र उघडावे. यंत्राला वळसा देणारी झडप असल्यास ती फिरवून याची खातरजमा होते. पाण्यात मधाच्या रंगाचे गोल कण आले, तर आतील गाळणी फुटलेली असते. बोटांवर काळा डाग ठेवणारे कण रबरी कड्यांचे असतात.

लोहाचे पुट सोडियम हायड्रोसल्फाइटासारख्या क्षपणकाने किंवा सायट्रिक अम्लाने काढता येते. त्यानंतर रेझीन भरपूर पाण्याने धुवावे लागते. ही द्रव्ये विरंजक चूर्णाबरोबर कधीही एकत्र करू नयेत. मणी नखाखाली सहज चिरडत असतील तर धुण्याचा उपयोग नाही. रेझीन बदलावेच लागते. लोह अधिक असलेल्या पाण्यात हवा मिसळून ते वाळूच्या थरातून आधी गाळणे, आणि क्लोरिनासाठी सक्रियित कोळशाची गाळणी लावणे, हा टिकाऊ उपाय होय.

आरोग्य व शेती : भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण दुष्फेनता लिटरला 200 मिग्रॅ. पर्यंत स्वीकार्य असून दुसरा उगम नसल्यास 600 मिग्रॅ. पर्यंत चालते. केवळ मध्यम जड पाणी पिण्यास अपायकारक नाही. उलट 100 मिग्रॅ. दुष्फेनता काढताना पाण्यात सुमारे 46 मिग्रॅ. सोडियम येते, मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णासाठी स्वयंपाकघरातील एक नळ मृदुकारकाबाहेर ठेवणे इष्ट असते. मृदुकारकाने रोगजंतू मरत नाहीत. पावसाळ्यात पाणी एकाएकी गढूळ झाल्यास सांडपाणी शिरल्याची शंका घेऊन ते उकळूनच प्यावे.

निफाड तालुक्यात द्राक्षबागा घराला लागून असतात. पुनरुज्जीवनानंतर बाहेर पडणारे खारट पाणी वाया जाऊ नये म्हणून ते बागेत सोडण्याचा मोह होतो. सोडियमामुळे काळ्या जमिनीतील मृत्तिकेचे कण विखुरतात, जमीन चोपण होते व पाणी मुरेनासे होते. ते विहिरीजवळ सोडल्यास झिरपून पुन्हा त्याच पाण्यात मिसळते. म्हणून हे पाणी बाग व विहीर या दोहोंपासून दूर, स्वतंत्र नाल्याने काढतात.