कादंबरींतील नदी आणि कुरवंड्याचें पाणी

साहसकथेंत नदी आली कीं ती केवळ देखाव्यासाठीं येत नाहीं. वनाचें, वाड्याचें किंवा बाजारपेठेचें वर्णन लेखकास वाटेल तेथें थांबवितां येतें. परंतु नदी ही स्वतः चालणारी वस्तु असल्यामुळें तिच्या स्वाधीन केलेलें कथानक तिच्याबरोबरच चालूं लागतें. याचें जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे मार्क ट्वेन या अमेरिकन ग्रंथकाराची ‘हकलबरी फिन’ ही कादंबरी. ती १८८४ च्या अखेरीस इंग्लंडांत व १८८५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. ट्वेननें तरुणपणीं मिसिसिपी नदीवर आगबोटींचें सुकाणूं धरलें होतें. त्यामुळें त्या नदीचीं वळणें, वाळूचे दांडे आणि धुकें हीं त्याला पुस्तकांतून शिकावीं लागलीं नाहींत.

या कादंबरींत दारुड्या बापाच्या छळाला कंटाळून पळालेला एक पोर आणि मालकिणीच्या घरून पळालेला जिम नांवाचा गुलाम असे दोघे एका तराफ्यावर बसून नदीनें खालीं जातात. कांठावर पाऊल टाकलें कीं फसवणूक, वैरें आणि खून. तराफ्यावर परत आलें कीं दोन माणसें आणि वर आकाश. तेव्हां नदी म्हणजे स्वातंत्र्य, असें वाचक सहज म्हणून जातो. पण ट्वेनची नदी इतकी सरळ नाहीं. केरो या गांवाजवळ ओहायो नदी मिसिसिपीस मिळते. तेथून ओहायोच्या मार्गानें वर गेल्यास गुलामगिरी नसलेलीं संस्थानें लागावयाचीं. दाट धुक्यांत तें गांव मागें पडतें, आणि प्रवाह त्या दोघांना दक्षिणेकडे, म्हणजे गुलामगिरीच्या ऐन मुलखांत, घेऊन जातो. जी नदी मोकळेपणा देते तीच चुकीच्या दिशेला वाहते, आणि तराफ्याला प्रवाहाविरुद्ध चढतां येत नाहीं. नदीच्या या दुहेरी स्वभावामुळें ती कथा मुलांच्या पळापळीपुरती राहिली नाहीं.

मराठी वाचक आपल्या साहसकथांत अशी नदी शोधूं लागला तर त्याला बहुधा नदीच्या ऐवजीं गड सांपडतो. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तिच्या नांवांतच गड आहे. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीच्याहि नांवांत गडच पुढें उभा आहे. याचें एक कारण उघड आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील नद्या मिसिसिपीप्रमाणें नावा वाहणाऱ्या नाहींत. आषाढांत त्यांना उतार मिळत नाहीं आणि वैशाखांत त्यांच्या पात्रांतून गुरें चालत जातात. अशा नदीवर तराफा सोडून कोण कोठें जाणार? तरी एवढ्यावरून महाराष्ट्राच्या पराक्रमकथेंत नदीला स्थान नाहीं असें म्हणणें चुकीचें होईल. येथें नदीनें माणसांना वाहून नेलें नाहीं. तिनें त्यांना वाट पाडून दिली. हें पाहावयाचें तर मावळांत, लोणावळ्याच्या नैऋत्येस घाटमाथ्यावर वसलेल्या कुरवंडे या गांवीं गेलें पाहिजे.

कुरवंड्याच्या एका बाजूस नागफणीचा सुळका आहे. इंग्रजांना त्यांत ड्यूक ऑफ वेलिंग्टनचें नाक दिसलें. येथील माणसांना फणा काढलेला नाग दिसला. गांवाजवळ इंद्रायणीचा उगम आहे. तेथून ती पूर्वेस नाणे मावळांतून देहू व आळंदीवरून जाते आणि तुळापुराजवळ भीमेस मिळते. भीमा पुढें कृष्णेंत व कृष्णा बंगालच्या उपसागरांत जाते. गांवाच्या पश्चिमेस मात्र जमीन एकदम तुटते. त्या कड्यावरून उतरलेलें पाणी अंबा नदीच्या खोऱ्यांतून नागोठण्याकडे व धरमतरच्या खाडीकडे जाऊन अरबी समुद्रास मिळतें. एकाच पावसाची एक सर दोन समुद्रांत वांटली जावी, अशी ही जागा आहे. या दोन पाण्यांशीं महाराष्ट्राच्या इतिहासांतील दोन मोठ्या गोष्टी जोडल्या गेल्या आहेत.

पहिली गोष्ट पश्चिमेकडील पाण्याची. १६६० च्या मे महिन्यांत औरंगजेबाचा मामा शाएस्तेखान पुण्यास येऊन बसला व त्याच वर्षीं त्यानें चाकणचा किल्ला घेतला. पुढें कोंकणांतील चौल, कल्याण, पनवेल, नागोठणें हीं स्थळें हस्तगत करण्यासाठीं त्यानें कारतलबखान या उझबेक सरदारास रवाना केलें. त्याच्याबरोबर अनेक मातबर सरदार होते, आणि माहूरकडील रायबागन ही पराक्रमी स्त्रीहि होती. खानानें लोहगडाच्या बाजूनें येऊन कुरवंड्याचा घाट धरला आणि तो कोंकणांत उतरूं लागला. १६६१ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं घाटाखालच्या उंबरखिंडींत शिवाजीमहाराजांनीं त्याला गांठलें.

या लढाईचें सविस्तर वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांत आहे. परमानंद नेवाशाचा, आणि महाराजांचा समकालीन. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं हें काव्य मराठी भाषांतरासह १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत या प्रसंगाचा एवढा तपशील सामान्य वाचकाच्या हातीं आला नव्हता. ‘शिवभारत’ ही कादंबरी नव्हे; तरी साहसकथेला लागणारें सारें त्यांत आहे: भलत्या वाटेवरची फौज, अंधारें रान, झाडांआड दबा धरलेलें पायदळ, घोड्यावर आरूढ झालेला सशस्त्र नायक, आणि सेनापतीला खडे बोल ऐकविणारी एक शहाणी स्त्री.

घाट ही वस्तु नीट ध्यानांत घेतली तर या प्रसंगाचें मर्म कळतें. सह्याद्रीचे जुने घाट माणसानें बांधलेले नाहींत. पावसाचें पाणी कड्याला खांच पाडतें, त्या खांचेची नाळ होते, नाळेच्या आधारानें गुरें उतरतात आणि गुरांच्या मागून माणसें. घाटाची वाट म्हणजे बहुतेक ठिकाणीं पाण्याचीच वाट होय. कारतलबखान कुरवंड्यावरून उतरला तो या पाण्याच्या वाटेनें उतरला. मैदानांत ज्या फौजेचें बळ तिच्या रुंदीत असतें, ती फौज येथें ओढ्याइतकी अरुंद झाली. पुढच्याला मागचा दिसेना, हत्ती-घोड्यांचा उपयोग होईना, आणि बाजूच्या रानांत काय आहे हें कोणालाच कळेना. कड्यावरून उतरलेलें पाणी परत माथ्यावर चढत नाहीं. तेंच त्या फौजेचें झालें. पुढचें तोंड आणि मागची वाट हीं दोन्ही बंद झाल्यावर तिला शक्तीचा उपयोगच उरला नाहीं. केरो गांव धुक्यांत मागें पडल्यावर तराफ्याची जी गत झाली, तीच येथें एका बादशाही सैन्याची झाली.

यांतील दैवदुर्विलास असा कीं, पाण्याच्या वाटेनें गेलेल्या त्या सैन्याचे हाल पाण्यावाचूनच झाले. परमानंदाच्या वर्णनांत रान असें दाट आहे कीं तेथें वारा फिरकत नाहीं आणि तहानेला पाणी मिळत नाहीं. अखेर, सिंहाच्या रानांत शिरण्याचें हें अविचारी कृत्य होतें, असें रायबागनेनें खानाला ऐकविलें व शरण जाण्याचा सल्ला दिला. खानानें वकील पाठविला. महाराजांनीं अभय दिलें. मात्र जवळचें सारें सामान तेथेंच टाकून जावें अशी अट घातली. ती मान्य होतांच वाट मोकळी झाली. नेताजी पालकरास मोंगलांवर नजर ठेवण्यासाठीं मागें ठेवून महाराज तसेच दक्षिण कोंकणांत उतरले. कोंडलेल्या शत्रूची कत्तल न करितां त्याला जाऊं देणें ही या कथेंतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. शाएस्तेखानाकडे परत गेलेली ती रिकाम्या हातांची माणसें स्वतःच या पराभवाची वार्ता घेऊन गेलीं.

आज चावणी गांवाजवळ अंबा नदीच्या पात्रालगत या विजयाचें स्मारक उभें आहे. परंतु सिंहगड, प्रतापगड किंवा पन्हाळा हीं नांवें घराघरांत जशीं ठाऊक आहेत, तसें उंबरखिंडीचें नांव ठाऊक नाहीं. येथें गड नव्हता, म्हणून येथली आठवण टिकविणारा बुरूजहि नव्हता. पुढें इंग्रजी अमदानींत बोरघाटांतून सडक झाली, १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडीचा मार्ग खुला झाला, आणि कुरवंड्याची वाट बाजूस पडली ती पडलीच.

दुसरी गोष्ट पूर्वेकडील पाण्याची, आणि ती सर्वांस ठाऊक आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या देहूस इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, तुकोबा नदीकांठीं अन्नपाण्यावांचून धरणें धरून बसले, आणि तेरा दिवसांनीं वह्या कोरड्या वर आल्या. अठराव्या शतकांत महीपतींनीं ही कथा विस्तारानें सांगितली; परंतु तुकोबांच्या स्वतःच्या अभंगांतहि या प्रसंगाचा आणि तेरा दिवसांचा निर्देश आहे. भाविक यांत चमत्कार पाहतो. इतिहासाचा अभ्यासक म्हणतो कीं, लोकांच्या मुखीं बसलेले अभंग कागद बुडवून बुडत नाहींत. दोघांचेंहि म्हणणें घेतलें तरी नदीचा अर्थ एकच निघतो: बुडविलेलें जतन करून परत देणारी ती इंद्रायणी. ज्या भीमेला ती मिळते, तीच भीमा पंढरपुरास चंद्रभागा होते. देहू-आळंदीच्या पालख्या निराळ्या वाटांनीं पायीं जातात. कुरवंड्याचें पाणी नदीच्या वाटेनें त्याच विठ्ठलाच्या वाळवंटास पोंचतें. आणि या नदीच्या शेवटीं, भीमेच्या संगमाच्या परिसरांत, १६८९ सालीं संभाजीमहाराजांचा अमानुष वध झाला, तीहि आठवण तिच्याच कांठीं आहे.

एक पाणी कोंडणारें आणि एक पाणी परत देणारें. ट्वेननें एका नदींत जे दोन स्वभाव पाहिले ते कुरवंड्यास एकाच माथ्यावरून दोन दिशांना वाहतात. या दिशाहि पुढें माणसानें बदलल्या. टाटांच्या जलविद्युत् योजनेसाठीं लोणावळा, वळवण व शिरवतें येथें पूर्वेकडे जाणारें पाणी अडविलें गेलें आणि १९१५ सालापासून मोठमोठ्या नळांतून तें पश्चिमेस खोपोलीला उतरविलें गेलें. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. देहू-आळंदीच्या वाटेचें कांहीं पाणी अशा रीतीनें कोंकणांतल्या पाताळगंगेस मिळूं लागलें.

साहसकथेंतील नदी हें प्रतीक आहे असें म्हणण्याची पद्धत आहे, आणि तें खरेंहि आहे. परंतु प्रतीक टिकावयाचें तर आधीं ती वस्तु टिकावी लागते. अलीकडच्या वर्षांत आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्याचा पांढरा फेंस तरंगतांना वारंवार दिसला आहे. ज्या पाण्यानें वह्या कोरड्या राखल्या अशी श्रद्धा आहे, त्याच पाण्यांत वारकरी तो फेंस हातानें बाजूस सारून बुडी मारतो. गडाचा बुरूज ढासळला तर डोळ्यांना दिसतो व त्याच्या डागडुजीसाठीं माणसें पुढें येतात. नदीचें ढासळणें दिसतें तें फार उशिरां. म्हणून घरांतील मुलांना मावळचे गड दाखविण्यास नेलें म्हणजे परततांना एकदां कुरवंड्याच्या माथ्यावरहि न्यावें. तेथें उभें राहून पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे बोट दाखविलें कीं मुलांना या दोन्ही कथा सांगतां येतील, आणि पाणी अजून उगमाशीं स्वच्छ आहे तोंवरच त्या सांगून झालेल्या बऱ्या.