म्हण पाठ, झाड अनोळखी

ऑक्टोबर आला की मोबाईलवर लालभडक मेपलच्या रील्स सुरू होतात. बघून वाटतं, आपल्या ईटच्या अंगणात असं एखादं झाड लावलं तर?

थेट सांगतो, मेपल नको. थंड देशात दिवस लहान होतात, रात्री गार पडतात. मग पानातला हिरवा रंग मोडतो, आत दडलेला पिवळा दिसतो, आणि मेपलसारख्या झाडांत लाल रंग नव्यानं तयार होतो. आपल्या बालाघाटावर तेवढी थंडी पडत नाही. इथली झाडं पानं टाकतात ती पाणी वाचवायला. म्हणून आपली पानगळ माघ-फाल्गुनात, आणि आपला रंग पानांवर नाही, फुलांवर!

आता थोडा इतिहास. लाल फुलांचं झाड म्हटलं की तुम्हाला गुलमोहर आठवतो ना? तो मूळचा मादागास्करचा. भारतात येऊन त्याला जेमतेम २०० वर्षं झालीत. त्याच्या कितीतरी आधी आपल्या माळावर पळस पेटायचा. सातवाहनांच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या 'गाथासप्तशती'त पळसाची फुलं आहेत. १७५७ ची प्लासीची लढाई आठवते? त्या पलाशी गावाचं नाव याच झाडावरून पडलं, असं मानतात. लांब कशाला, कवी ना. धों. महानोरांचं गावसुद्धा पळसखेडच!

पळस शोभेपुरता नव्हता. लग्नातली पत्रावळ त्याच्या पानांची, होळीचा रंग त्याच्या फुलांचा. पुढं थर्माकोलच्या ताटल्या आल्या, पुडीतला रंग आला, आणि पळसाचं घरातलं कामच संपलं. काम संपलं की झाड नजरेआड होतं. "कुठंही जा, पळसाला पानं तीनच" ही म्हण आपल्याला पाठ आहे, पण झाड ओळखता येतं का?

मग अंगणात काय लावायचं? गुलमोहर भराभर वाढतो, पण मुळं वरवर पसरतात, फरशी उचकटते, वादळात फांद्या मोडतात. घराला खेटून तो नकोच. फाल्गुनात केशरी हवा असेल तर पळस, वैशाखात पिवळा हवा असेल तर बहावा. पळसाच्या शेंगेत बी एकच, तेही टोकाला. उन्हाळ्याच्या शेवटी पिकलेल्या शेंगा गोळा करा, पहिल्या पावसात ताजं बी लावा. फुलायला काही वर्षं जातील, तेवढा धीर धरा.

यंदा फाल्गुनात माळावर एक चक्कर मारा. पानं नसलेल्या काळ्या फांद्यांवर केशरी फुलं दिसली, की रील तिथंच काढा.