तेलाचा मक्ता आणि साम्राज्याचें धोरण

राष्ट्राचें परराष्ट्रीय धोरण मंत्रिमंडळाच्या दालनांत ठरतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु त्या दालनांत पुष्कळदां व्यापाऱ्याची हिशेबाची वहीहि उघडी असते. इराणांतील तेलाचा इतिहास याची साक्ष देतो.

१९०१ सालीं इराणच्या शहानें विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रज धनिकास, उत्तरेकडील पांच प्रांत वगळून, साऱ्या देशांतील तेलाचा मक्ता ६० वर्षांच्या मुदतीनें दिला. मोबदला म्हणून २० हजार पौंड रोख, तितक्याच किंमतीचे भाग आणि निव्वळ नफ्यांतील शेंकडा १६ हिस्सा इराणला मिळावयाचा होता. १९०८ च्या मे महिन्यांत मशीद-इ-सुलेमान येथें तेल लागलें व पुढील वर्षीं अँग्लो-पर्शियन तेल कंपनी स्थापन झाली.

येथवर हा उद्योग खासगी होता. परंतु याच सुमारास ब्रिटिश आरमारानें आपल्या जहाजांसाठीं दगडी कोळशाऐवजीं तेल वापरण्याचें ठरविलें. कोळसा वेल्समध्यें विपुल होता. तेल मात्र परदेशांतून आणावें लागे. तेव्हां आरमारखात्याचे प्रधान विन्स्टन चर्चिल यांच्या आग्रहावरून १९१४ च्या जून महिन्यांत पार्लमेंटनें सुमारें २२ लक्ष पौंड गुंतवून कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग सरकारसाठीं घेण्यास संमति दिली. सरकारच भागीदार झाल्यावर कंपनीचा नफा कोणता आणि राष्ट्राचें हित कोणतें, हें निवडून काढणें दुष्कर झालें.

त्याचा प्रत्यय त्याच वर्षीं आला. तुर्कस्तान युद्धांत उतरतांच नोव्हेंबरमध्यें सहाव्या पुणें डिव्हिजनमधील एक ब्रिगेड इराणी आखाताच्या टोंकाशीं फाव येथें उतरविण्यांत आली. आबादान येथील तेलशुद्धीच्या कारखान्याचें रक्षण हें तिच्यावर सोंपविलेल्या कामांपैकीं एक होतें. त्या ब्रिगेडमध्यें ११७ वी मराठा पलटण होती. ज्या तेलाच्या नफ्यांत मराठा शिपायांचा कवडीचाहि वांटा नव्हता, त्याच्या राखणीस ते असे धाडले गेले.

१९३३ सालीं नवा करार होऊन आणखी ६० वर्षांची मुदत ठरली. तरीहि इराणचें गाऱ्हाणें मिटलें नाहीं. १९५० मध्यें या कंपनीकडून ब्रिटिश तिजोरीस करापोटीं मिळालेली रक्कम खुद्द इराणला मिळालेल्या रकमेहून मोठी होती. १९५१ मध्यें इराणच्या मजलिसनें तेलउद्योगाचें राष्ट्रीयीकरण केलें आणि त्या चळवळीचे पुढारी मोसाद्देक पंतप्रधान झाले. ब्रिटननें इराणी तेलाची विक्री अडवून धरली. आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तेव्हां ऑगस्ट १९५३ मध्यें ब्रिटन व अमेरिका यांच्या हेरखात्यांनीं रचलेल्या कटानें मोसाद्देक पदच्युत झाले. अमेरिकेस साम्यवादाचें भय वाटत होतें, हें खरें. परंतु १९५४ च्या करारानें जुन्या ब्रिटिश कंपनीस शेंकडा ४० व अमेरिकन कंपन्यांस मिळून तितकाच हिस्सा लाभला, हेंहि तितकेंच खरें.

व्यापारी आपला नफातोटा वर्षाअखेर मांडतो. राष्ट्रांचा हिशेब मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतो. १९७९ च्या क्रांतींत इराणी जनतेनें शहाला देशाबाहेर घालविलें, तेव्हां १९५३ च्या ऑगस्टची आठवण ती विसरलेली नव्हती.